कवला : कातळावरचे पिवळे सोने

सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरील कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जो पिवळाधमक गालिचा पसरतो, त्यात सोनकीच्या जोडीने कवल्याचाही मोठा वाटा असतो. 'स्मिथिया हिर्सुटा' हे त्याचे शास्त्रीय नाव. वाटाणा, हरभऱ्याच्या शिंबावंत कुलातील ही वर्षायू वनस्पती आहे. वरच्या रुंद पाकळीवरील दोन लाल ठिपक्यांमुळे पर्यटकांनी या फुलाचे 'मिकी माउस' असे बारसे केले आहे. हे ठिपके मात्र पर्यटकांसाठी नसून मधाच्या शोधातील कीटकांसाठी आहेत. पावसाळ्यात भाजीबाजारात मिळणारा कवळा हा याच प्रजातीतील भाऊबंद.

पठारावरील जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम असतो आणि त्यातील नत्रही मुसळधार पावसात वाहून जाते. या उपासमारीवर सीतेची आसवे, दवबिंदू या वनस्पतींनी कीटकभक्षणाचा मार्ग शोधला. कवल्याची तऱ्हा निराळी. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. झाड वाळून कुजले की त्यातील नत्र मातीला मिळते.

पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचा समावेश आहे. गर्दीचा ओघही मोठा आहे. वर्षायू असल्याने कवल्याचा पुढील बहर यंदाच्या बियांवरच अवलंबून असतो. छायाचित्रासाठी ताटव्यात बसणाऱ्यांच्या पायांखाली शेंगा धरण्याआधीच झाड चिरडले, तर ते बी धरतच नाही.