निर्लेखन झाले, पण पुसले का?

मोडकी बाके, गंजलेले तराजू, काच फुटलेली कपाटे दर काही वर्षांनी शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरमधून कमी केली जातात. शासकीय मराठीत या कामाला 'निर्लेखन' म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. त्याचा मूळ संस्कृत अर्थ खरवडून काढणे असा. जीभ खरवडण्याच्या पट्टीला आयुर्वेदात जिह्वानिर्लेखन म्हणतात. बाकाचे निर्लेखन झाले की विषय संपतो. पण आता आजऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या शाळेतही निर्लेखनाच्या यादीत संगणक येतो. रजिस्टरातली ओळ कमी होते, संगणक भंगाराच्या टेम्पोत चढतो आणि त्याच्या हार्ड डिस्कवरची मुलांची नावे, जन्मतारखा, जाती, पालकांचे फोन, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले आधारचे आणि बँक खात्यांचे क्रमांक त्याच्याबरोबर गावाबाहेर जातात. असे का होते हे समजण्यासाठी पुसण्याच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

आपल्या जुन्या गणिताचे एक नाव 'धूलिकर्म'. पाटीवर धूळ पसरायची आणि तीत बोटाने किंवा काडीने आकडे काढायचे. जागा थोडी, म्हणून गुणाकार करताना पुढचा अंक मिळाला की आधीचा पुसून त्याच जागी नवा लिहायचा. गणित संपले की उत्तर तेवढे उरे. रीत धुळीला मिळालेली असे. दमास्कसचा अल्-उक्लिदिसी याने इ.स. ९५२-५३ च्या सुमारास अंकगणितावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याने ही भारतीय पद्धत धूळपाटीऐवजी कागद आणि शाईला जुळेल अशी बदलून घेतली. कागदावर मधल्या पायऱ्या शिल्लक राहतात आणि तपासता येतात. 'रीत दाखवा' असे आपण मुलांना बजावतो, ते धूळपाटीवर बजावून उपयोग नव्हता. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की धूळपाटीवर लिहिणे आणि पुसणे या एकाच हाताच्या दोन हालचाली होत्या आणि पुसलेले खरोखरच जात असे.

कठीण पृष्ठभागांची गोष्ट वेगळी. जुन्या ताम्रपटावरचा मजकूर ठोकून सपाट करून त्यावरच नवे दानपत्र कोरल्याची उदाहरणे सापडतात. नव्या ओळींच्या मधून जुनी अक्षरे डोकावतात. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली एक चर्मपत्री प्रत १२२९ मध्ये खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश पंडिताने खालचा बराचसा मजकूर भिंगाने वाचला. त्याला न दिसलेला काही भाग जवळजवळ शंभर वर्षांनी क्ष-किरणांनी शाईतल्या लोहाचा माग काढून वाचता आला. खरवडणाऱ्याच्या डोळ्यांना पान कोरे दिसत होते, एवढेच. पुसणाऱ्याला जे दिसत नाही ते पुढच्या वाचणाऱ्याला दिसू शकते, हे लक्षात ठेवू. पुढे उपयोगी पडेल.

आपल्याकडच्या दप्तरांना मात्र हा प्रश्न फारसा पडलाच नाही. आजऱ्याच्या पावसात कागद टिकवणे हेच मुळी कष्टाचे काम. ओल, वाळवी आणि बुरशी हे पुसण्याचे काम न सांगता करतात. त्यामुळे दप्तर जपायचे कसे याची सवय कार्यालयांना लागली, संपवायचे कसे याची लागली नाही.

संगणकाच्या पहिल्या पिढीत पुसण्याची एक गमतीदार तऱ्हा होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक पूर्ण होऊन कामाला लागला. हे नाव त्याला पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये दिले. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. ४० बिटांचे एक पद अशी २०४८ पदे तीत मावत, म्हणजे एकूण ८१,९२० बिट. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर ० आणि उलट दिशेने झाले तर १. आत काय आहे ते कळण्यासाठी प्रत्येक कड्याला विजेच्या ठोक्याने शून्याकडे ढकलावे लागे. त्यात १ असेल तर चुंबकत्व उलटते आणि शेजारच्या तारेत क्षीण स्पंद उमटतो. ० असेल तर काही होत नाही. म्हणजे वाचले की पुसले! म्हणून वाचून झाल्याबरोबर तोच मजकूर पुन्हा लिहिण्याची सोय यंत्रातच करावी लागे. या स्मृतीत पुसणे सोपे आणि टिकवणे कष्टाचे होते.

हार्ड डिस्कने हे पारडे फिरवले. १९५६ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. चकतीवरचे चुंबकत्व वाचल्याने बिघडत नाही. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, फाइलींची संख्या वाढली आणि प्रणाली लिहिणाऱ्यांनी एक व्यवहारी युक्ती केली. फाइल काढायची म्हणजे तिच्यावर शून्ये लिहीत बसायचे नाही. यादीतली तिची नोंद तेवढी रद्द करायची. शाळेच्या जनरल रजिस्टरची अनुक्रमणिका फाडली तर आतली पाने जागेवरच असतात, फक्त शोधायला वेळ लागतो. अगदी तसेच. डॉस प्रणालीत 'डिलीट' म्हटले की फाइलीच्या नावाचे पहिले अक्षर बदले आणि तिने व्यापलेली जागा रिकामी म्हणून नोंदली जाई. मजकुराला हातही लागत नसे. पीटर नॉर्टन या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८२ मध्ये अशा फाइली परत आणणारा प्रोग्रॅम विकायला काढला, तेव्हा लोकांना ही जादू वाटली. खरे तर डिलीट या शब्दानेच लोकांना फसवले होते.

फसलेल्यांत मोठी माणसेही होती. इराणला शस्त्रे विकल्याचे प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले, तेव्हा ऑलिव्हर नॉर्थ या अधिकाऱ्याने आपले संगणकावरचे निरोप काढून टाकले. पण त्यांच्या प्रती राखीव फितींवर होत्याच. चौकशीत त्या बाहेर आल्या. याच्या अगदी उलट गोष्ट त्याआधीची. अध्यक्ष निक्सन यांच्या २० जून १९७२ च्या संभाषणाच्या फितीत साडेअठरा मिनिटे नुसती घरघर ऐकू येते. तज्ज्ञांनी १९७४ मध्ये फितीवरच्या चुंबकीय खुणा तपासून ती किमान पाच वेळा पुसल्याचे दाखवले. पुसल्याचा पुरावा मिळाला, बोलणे मात्र मिळाले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००३ मध्ये ते परत मिळवण्याचा नाद सोडला. एके ठिकाणी नुसती नोंद काढली होती, दुसऱ्या ठिकाणी मजकुरावरून मजकूर गेला होता, हा दोन्हींतला फरक.

मग वरून किती वेळा लिहावे? १९९६ मध्ये न्यूझीलंडच्या पीटर गटमन यांनी एक निबंध सादर केला. चकतीवर लिहिणारे टोक दरवेळी नेमके त्याच रेषेवर येत नाही, म्हणून कडेला जुन्या चुंबकत्वाचा अंश उरू शकतो आणि तो सूक्ष्मदर्शकाने टिपता येईल, अशी त्यांची शंका होती. आर्किमिडीजच्या चर्मपत्राची आठवण व्हावी अशीच ही शंका. त्या वेळच्या निरनिराळ्या डिस्कप्रकारांसाठी त्यांनी ३५ फेऱ्यांचा क्रम दिला. कोणत्याही एका डिस्कला सगळ्या ३५ फेऱ्या कधीच लागत नव्हत्या, पण लोक त्या मंत्रासारख्या म्हणू लागले. याबद्दल पुढे गटमन यांनाच नापसंती व्यक्त करावी लागली. आताच्या डिस्कवर रेषा इतक्या दाट असतात की संपूर्ण डिस्कवर एकदा नीट लिहिले तर पुरते.

अडचण फेऱ्यांच्या संख्येत नव्हतीच. अमेरिकेत गारफिंकेल आणि शेलाट या दोन संशोधकांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ वाचता आल्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. एक तर बँकेच्या एटीएम यंत्रातली होती, खातेदारांच्या क्रमांकांसह. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. बऱ्याच विकणाऱ्यांनी डिलीट किंवा फॉरमॅट केलेले होते आणि ते निर्धास्त होते.

शाळेपुरते बोलायचे तर ५०० जीबीच्या डिस्कवर सेकंदाला १०० एमबी वेगाने लिहिले तर ५००० सेकंद, म्हणजे दीड तासाच्या आत काम होते. विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट' केले तर फक्त अनुक्रमणिका नवी होते; व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्ये लिहितो. लिनक्समध्ये 'श्रेड' ही आज्ञा हेच काम करते. डिस्क बंदच पडली असेल तर चकत्यांना भोके पाडणे किंवा त्या मोडणे हाच उपाय, आणि तुकडे नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे.

नव्या संगणकांत चकतीऐवजी फ्लॅश स्मृती असते आणि तिथे हा हिशेब लागू पडत नाही. 'फ्लॅश' हे नाव तिला पुसण्यावरूनच मिळाले. मोठा भाग कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा एका झटक्यात पुसता येतो म्हणून. पण एकाच जागी वारंवार लिहिले तर ती झिजते, म्हणून तिच्यातली चिप नवा मजकूर गुपचूप दुसऱ्याच जागी लिहिते आणि जुना काही काळ तसाच पडून राहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की एकेका फाइलीवर पुन्हा लिहिण्याच्या पद्धतींत ४ ते ७५ टक्के मजकूर मागे राहत होता. यावर चांगला उपाय म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळी माहिती कूटरूपात ठेवायची आणि शेवटी कूटाची किल्ली नष्ट करायची. उरतो तो न उलगडणारा गोंधळ.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात काम संपल्यावर माहिती पुसण्याचे बंधन घातले आहे. मात्र शासन आणि शासकीय यंत्रणांना त्याच बंधनातून सूट आहे. मुलांची सर्वाधिक माहिती जिथे गोळा होते, त्यांनाच ही सूट का, हे समजत नाही.

आणि एक विसरले जाणारे यंत्र. मोठ्या डिजिटल झेरॉक्स यंत्रांतही बऱ्याचदा हार्ड डिस्क असते, आणि यंत्रातून गेलेल्या दाखल्यांच्या व गुणपत्रकांच्या प्रतिमा तिच्यावर साठून राहू शकतात. निर्लेखनाच्या यादीत ते संगणकांच्या सदरात नसते, म्हणून तिथे शोधूनही सापडणार नाही.