मालिकेतील प्रेम आणि प्रेक्षकांची तक्रार
मराठी मालिकांच्या प्रेक्षकाला प्रेमकथेतील योगायोग सहसा खटकत नाहीत; खटकते ती व्यक्तिरेखेची कोलांटउडी. झी मराठीवर २०१२ साली गाजलेल्या ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये घना आणि राधा यांनी चक्क करार करून लग्न केले. कल्पना अशक्यप्रायच! मात्र पुढची जवळीक दोघांच्या स्वभावातून उमलली आणि दिग्दर्शक सतीश राजवाडे यांची ही मालिका त्याच वर्षी संपलीही.

‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३-१६) मधील श्री-जान्हवीवरही प्रेक्षकांनी असाच जीव लावला. पण जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की त्यावर विनोदांचा पाऊस पडला. त्या हसण्यात नाराजी होती. दैनंदिन मालिकेचे भाग वाढवायचे तर रोज नवा गैरसमज हवा; मग शहाणीसुरती पात्रेही अकारण मूर्ख ठरतात.

‘तुला पाहते रे’ने (२०१८-१९) वेगळाच पेच टाकला. ईशा आणि विक्रांत यांच्या वयातील मोठ्या अंतरावर आधी वाद झाला. पुढे सुबोध भावे यांनी साकारलेला हा सौम्य विक्रांत कपटी गजा पाटील निघाला, तर ईशा ही राजनंदिनीचा पुनर्जन्म! कुणाला हे वळण थरारक वाटले, कुणाला फसवणूक.

कोरियन मालिकांकडे वळलेला प्रेक्षक याच संदर्भात बोलतो. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ची (२०१९-२०) नायिका वादळात भरकटून थेट उत्तर कोरियात उतरते. हेही अशक्यप्रायच, पण गोष्ट सोळा भागांत संपते.