रिमोट कोणाच्या हातात?

प्रेक्षकाने दूरचित्रवाणीला उत्तर द्यावे, ही कल्पना बरीच जुनी. अमेरिकेतील ओहायो राज्यात, कोलंबस शहरी, १ डिसेंबर १९७७ रोजी ‘क्यूब’ ही केबल सेवा सुरू झाली. घरातल्या पेटीवरची बटणे दाबून प्रेक्षक चालू कार्यक्रमात आपले मत कळवू लागले. पण बटण दाबणारा हात घरातल्या कोणाचा, हे पलीकडच्या संगणकाला कसे कळावे?

त्यासाठी घरातच जाऊन बसावे लागते. ब्रिटनमध्ये डेव्हिड मॉर्ली यांनी दक्षिण लंडनच्या १८ कुटुंबांशी त्यांच्या घरी बोलून १९८६ मध्ये ‘फॅमिली टेलिव्हिजन’ हे पुस्तक लिहिले. रिमोट वडिलांकडे, ते नसतील तर मुलाकडे. आईकडे क्वचितच, असे त्यांना आढळले. पुढे अ‍ॅन ग्रे यांनी स्त्रियांना व्हिडिओ रेकॉर्डरविषयी विचारले. काही जणींनी त्याचा टायमर लावायला मुद्दामच शिकून घेतले नव्हते. शिकलो, तर तेही काम आपल्याच गळ्यात पडेल, हे त्या ओळखून होत्या!

टायमरची किचकट रीत सोपी करण्याचे प्रयत्नही झाले. १९९० मध्ये अमेरिकेत ‘व्हीसीआर प्लस’ आले. वर्तमानपत्रात कार्यक्रमापुढे छापलेला आकडा दाबला, की रेकॉर्डिंगची वेळ आपोआप लागे. यंत्र सोपे झाले खरे. पण तो आकडा दाबायचा कोणी, याचा निवाडा शेवटी घरातच व्हायचा होता.