जॅक जॉन्सन : अजिंक्यपद आणि वर्णभेद

विसाव्या शतकाच्या आरंभी वजनदार गटातील मुष्टियुद्धाचे अजिंक्यपद ही अमेरिकेत गोऱ्यांची मिरास समजली जात असे. १८७८ साली टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन येथे, पूर्वी गुलामगिरीत असलेल्या मातापित्यांच्या पोटी जन्मलेल्या जॅक जॉन्सनने २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे टॉमी बर्न्सला पराभूत करून ती मोडून काढली. तेव्हा वर्णाची प्रतिष्ठा राखण्यासाठी निवृत्त जेम्स जेफ्रिजला पुन्हा रिंगणात उतरविण्यात आले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे पंधराव्या फेरीत तोही हरला आणि अनेक शहरांत दंगली उसळल्या. मृतांत कृष्णवर्णीयच बहुसंख्य होते.

मुष्टीने जे साधले नाही, ते पुढे कायद्याने साधण्यात आले. १९१२ साली मुष्टियुद्धाच्या चित्रपटांच्या आंतरराज्य वाहतुकीस बंदी झाली. स्त्रियांच्या अनैतिक व्यापारास आळा घालण्यासाठी केलेल्या मान कायद्याखाली, गोऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधावरून, १९१३ साली जॉन्सन दोषी ठरविला गेला. तो परदेशी निघून गेला. १९१५ साली हवाना येथे जेस विलार्डने त्याचे पद जिंकले. १९२० साली परतून त्याने कारावास भोगला. १९३७ साली जो लुईस विजयी होईपर्यंत ते पद पुन्हा कृष्णवर्णीयास लाभले नाही. जॉन्सनला क्षमा मिळाली ती २०१८ साली, मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी. त्याच्या कारकिर्दीचा खरा निर्णय रिंगणात नव्हे, तर रिंगणाबाहेर लागला, असेच यावरून दिसून येते.