साताऱ्याचे शाहू बोर्डिंग आणि एका पंगतीचा इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने बहुतेक जातिनिहाय वसतिगृहे उभी राहिली. त्यांपैकीच एका जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले आणि 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. येथील दिनक्रमात स्वयंपाक, दळण, पाणी भरणे आणि झाडलोट ही कामे मुलेच करीत, आणि महार, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकाच पंगतीत जेवत. स्पृश्याने अस्पृश्याच्या हातचे पाणीही न पिण्याच्या त्या काळात ही पंगत पाठ्यपुस्तकाहून मोठे शिक्षण होते, असे निःसंशय म्हणावे लागते. धान्याचा काही भाग मुष्टिफंडातून, म्हणजे घराघरांतून बाजूला काढलेल्या मूठमूठ धान्यातून येई. तरीही चणचण भासे, आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना मुले ‘वहिनी’ म्हणत, मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. 1930 मध्ये त्या निवर्तल्या, परंतु भाऊरावांनी स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांचा विस्तार पुढेही चालू राहिला.