मेमरीचे घड्याळ मंदावताना

हातात मावणारा संगणक असो वा कारखान्यातील नियंत्रक, त्यातील प्रोसेसर किती मेगाहर्ट्झचा, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या मार्गाचे, म्हणजेच मेमरी बसचे, घड्याळ कोणत्या वेगाने चालते याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. यंत्र भरवशाचे ठरणार की अधूनमधून अकारण बंद पडणार, हे मात्र पुष्कळदा या दुसऱ्या घड्याळावरच अवलंबून असते.

इंटेलने २००३ मध्ये बाजारात आणलेला पीएक्सए२५५ हा प्रोसेसर या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. शार्प कंपनीच्या झॉरस एसएल-सी७६० या हातसंगणकात तो होता. २००६ मध्ये इंटेलने हा व्यवसाय मार्व्हेलला विकला. असे असले तरी या प्रोसेसरच्या घड्याळाचे सारे गणित कागदावर मांडता येते, ही त्याची खुबी.

या गणिताचा आरंभ ३.६८६४ मेगाहर्ट्झच्या स्फटिकापासून होतो. (आकडा विचित्र वाटतो खरा, पण १,१५,२०० या सीरियल पोर्टच्या परिचित वेगाची ती नेमकी ३२ पट आहे.) स्फटिकाच्या वारंवारतेला २७ ने गुणले की मेमरीचे घड्याळ ९९.५ मेगाहर्ट्झ होते. त्याला पुन्हा चारने गुणले की प्रोसेसरला ३९८.१ मेगाहर्ट्झ मिळतात. हे गुणक एका रजिस्टरमध्ये लिहावयाचे असतात. २७ ऐवजी ३६ लिहिल्यास मेमरीचे घड्याळ १३२.७ मेगाहर्ट्झवर जाते. येथे नवख्या अभियंत्याची हमखास फसगत होते. एसडीरॅमला सुमारे १०० मेगाहर्ट्झच्या वर नेता येत नसल्याने तिच्यापर्यंत पोहोचणारे घड्याळ निम्मे करावे लागते, म्हणजे प्रत्यक्षात ६६ मेगाहर्ट्झच हाती पडतात. कागदावर वेग वाढलेला, मेमरी मात्र पूर्वीपेक्षा संथ!

याहून गंभीर प्रश्न रिफ्रेशचा आहे. एसडीरॅममधील प्रत्येक बिट म्हणजे अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठविलेला विद्युतभार. तो सतत गळत असतो. म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत मेमरीतील प्रत्येक ओळ एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. ओळी ८,१९२ असतील, तर दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एका ओळीची पाळी येते. परंतु मेमरी नियंत्रकाला मायक्रोसेकंद समजत नाहीत. तो केवळ आपल्या घड्याळाचे ठोके मोजतो, तेही ३२-३२ च्या गटांनी. ९९.५ मेगाहर्ट्झला असे २४ गट, तर १३२.७ मेगाहर्ट्झला ३२ गट भरतात. हाच आकडा रिफ्रेशच्या रजिस्टरमध्ये लिहिला जातो.

आता वीज वाचविण्यासाठी घड्याळ १३२.७ वरून ९९.५ वर आणले आणि रजिस्टरमधील ३२ तसेच राहू दिले, असे समजा. ठोके लांबले, पण मोजणी तितकीच राहिली. परिणामी दोन रिफ्रेशमधील अंतर १०.३ मायक्रोसेकंदांवर जाते आणि सर्व ओळी भरून होण्यास ६४ ऐवजी सुमारे ८४ मिलिसेकंद लागतात. वेग वाढविणे धोक्याचे आणि कमी करणे सुरक्षित, ही सर्वसाधारण समजूत येथे उलटी पडते. दुर्दैव असे, की ही चूक प्रयोगशाळेत बहुधा दिसतच नाही. थंड खोलीत विद्युतभार ठरलेल्या मुदतीपेक्षा बराच अधिक काळ टिकतो. तापमान वाढले की गळती वाढते, आणि टेबलावर आठवडाभर निर्धोक चाललेले यंत्र उन्हात ठेवलेल्या पेटीत एखादा बिट विसरते. मग दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो.

उलट बाजूची चूक तुलनेने निरुपद्रवी. वेग वाढवूनही २४ हा आकडा कायम राहिला, तर रिफ्रेश ५.८ मायक्रोसेकंदांनी होत राहील. थोडा वेळ वाया जाईल, माहिती जाणार नाही. यावरूनच कामाचा क्रम ठरतो. घड्याळ मंद करावयाचे असेल तर लहान आकडा आधी लिहावा. जलद करावयाचे असेल तर मोठा आकडा बदलानंतर. लिनक्सच्या पीएक्सए ड्रायव्हरमध्ये हाच क्रम पाळलेला आहे.

प्रत्यक्ष बदलाच्या क्षणी प्रोसेसरचे घड्याळ थांबते आणि मेमरी स्वतःच स्वतःला रिफ्रेश करण्याच्या अवस्थेत जाते. त्या अवधीत कोणालाही मेमरीतून काही मिळत नाही. पडद्याचा नियंत्रक मात्र तेथून अखंड चित्र उचलत असतो. त्यास आधी बंद न केल्यास चित्र बिघडते. हा खटाटोप टाळावयाचा असल्यास टर्बो गुणकाचा मार्ग आहे. त्यात प्रोसेसर १९९.१ वरून ३९८.१ मेगाहर्ट्झवर जातो आणि मेमरीचे घड्याळ ९९.५ वरच राहते, रिफ्रेशच्या आकड्यालाही हात लावावा लागत नाही.