अंध शाहजादा, लंगडे पाटीलबाबा आणि कचेरीच्या पायऱ्या

श्रोतेहो, बऱ्हाणपूर म्हटले की मुमताज महलची आठवण निघते. १६३१ मध्ये ती येथे निवर्तली आणि आग्र्यास नेण्यापूर्वी तिचा देह काही महिने तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत विसावला होता, हे येथील शाळेतले पोरही सांगते. परंतु त्याच्या नऊ वर्षे आधी, याच गावात, तिच्या थोरल्या दिराचा अंत झाला. त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. तो शाहजादा खुस्रू. आज मी त्याच्यापासून प्रारंभ करणार आहे, कारण आपल्या गावच्या कचेऱ्या, शाळा आणि सभागृहे यांच्या दाराशी जो प्रश्न आज उभा आहे, त्याचे मूळ मला त्याच्या कहाणीत दिसते.

खुस्रू हा जहांगीर बादशहाचा ज्येष्ठ पुत्र. १६०६ मध्ये त्याने बापाविरुद्ध बंड केले, ते मोडले. पुढल्याच वर्षी एक कट उघडकीस आला आणि खुस्रूचे डोळे घालविण्यात आले. दृष्टी पूर्णपणे गेली की अंशतः उरली, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. हेतूविषयी मात्र संशय नाही. राजपुत्रास सिंहासनापासून कायमचे दूर ठेवण्याचा तो त्या काळचा रूढ मार्ग होता. त्यास ठार मारावयाचे नाही, केवळ अपंग करावयाचे, म्हणजे जग आपण होऊन त्यास अपात्र ठरविते! पुढे त्याचा धाकटा भाऊ खुर्रम, म्हणजे भावी शाहजहान, दक्षिणेच्या स्वारीवर निघाला तेव्हा त्याने या भावास आपल्या ताब्यात मागून घेतले. १६२२ च्या जानेवारीत बऱ्हाणपुरात खुस्रू मरण पावला. पोटशूळाने गेला, असे बापास कळविण्यात आले. समकालीनांपैकी अनेकांना ते पटले नाही. अलाहाबादेस त्याच्या नावाच्या बागेत, आईच्या कबरीजवळ, त्याची कबर आहे.

यातील विपर्यास असा की, ज्या घराण्याने आपल्या वारसास अंध करून अपात्र ठरविले, त्या घराण्याचा मूळ पुरुष स्वतः पायाने अधू होता. तैमूरलंग या नावातील ‘लंग’ याचा अर्थच लंगडा. आणि त्या तैमूरचा वंशज बाबर १५२७ मध्ये खानव्यास ज्या राणा संगाशी लढला, त्याचा एक डोळा व एक हात आधीच्या लढायांत गेलेला होता व एक पाय अधू झालेला होता. राजपूत सरदार त्याच्याच निशाणाखाली गोळा झाले.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले व पुढे ते महादजी शिंद्यांच्या अमलाखाली गेले. हे महादजी १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावरून निसटत असता पायावर जबर वार होऊन पडले. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या गरीब माणसाने, त्यांना उचलून सुरक्षित स्थळी पोचविले. महादजी वाचले, पण तो पाय जन्माचा अधू राहिला. त्या लंगड्या पायाने या पुरुषाने पुढे उत्तर हिंदुस्थानाचे राजकारण तीस वर्षे चालविले, आणि राणेखानास भाऊ मानून सेनापतिपदाला चढविले.

१७८८ च्या ऑगस्टमध्ये गुलाम कादिर रोहिल्याने दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाह आलम बादशहाचे डोळे काढले. त्याच्यावर महादजींनी ज्यास धाडले तो हाच राणेखान. दिल्ली मोकळी झाली, गुलाम कादिर पकडला गेला, आणि अंध शाह आलम पुन्हा तख्तावर बसला. सत्ता महादजींच्या हाती होती हे खरे. तथापि अंध झाला म्हणून त्याचे नाव खाली उतरले नाही. १८०६ मध्ये मरेपर्यंत तो बादशहाच होता.

श्रोतेहो, या कथा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. खुस्रूचे आणि शाह आलमचे व्यंग एकच. एकास त्यापायी दार बंद झाले, दुसऱ्यास दार उघडून देण्यात आले. व्यंग देहात असते. अडवणूक मात्र बाहेर असते आणि ती माणसांनी निर्माण केलेली असते. महादजींना घोडा होता, पालखी होती, हाताशी माणसे होती. म्हणून त्यांचा पाय राज्यकारभाराच्या आड आला नाही. परंतु ज्याच्याजवळ पालखी नाही, त्या सामान्य माणसाचे काय?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण ज्यास पायरी चढताच येत नाही, त्यास शहाणपणा करण्याची संधीदेखील मिळत नाही. माझा एक विद्यार्थी दोन्ही पायांनी अधू होता. हातांनी चालवावयाच्या तीनचाकी सायकलीवरून तो शाळेत येई. एकदा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी त्याच्याबरोबर एका कचेरीत गेलो. पायऱ्या पाहून तो खालीच थांबला आणि कागद घेऊन मी वर गेलो. कारकून सज्जन होता. त्याने नाव, वय, वडिलांचा व्यवसाय असे सारे विचारले. उत्तरे मी देत होतो, आणि ज्याने ती द्यावयाची तो खाली उन्हात बसला होता. परतताना मुलगा म्हणाला, ‘सर, काम झालं, पण कचेरी कशी असते ते काही मी पाहिलं नाही.’ त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. मला ती असती तर बरे वाटले असते.

आपल्या प्रजासत्ताकातही दार सहज उघडलेले नाही. ओरिसाच्या १९५० च्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरोग्यास व क्षयरोग्यास नगरसेवकपदासाठी अपात्र ठरविणारे कलम होते, आणि कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो हे ठाऊक असूनही २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. खुस्रूच्या काळचा विचार कायद्याच्या भाषेत किती काळ टिकून राहतो, याचे हे उदाहरण होय.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९५ मध्ये अपंगांच्या समान संधीचा कायदा झाला. त्यात व्यंगाचे सात प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात ते एकवीस झाले. सर्व सार्वजनिक इमारती पाच वर्षांत अपंगांना वापरता येण्याजोग्या कराव्यात, प्रत्येक मतदानकेंद्र त्यांना सुगम असावे, असे हा कायदा सांगतो. नियम २०१७ मध्ये निघाले. म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सुगमतेचे नियम ही नुसती शिफारस असून चालणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. इतक्या लोकांना ‘खाली थांबा, तुमचा कागद आम्ही वर नेतो’ असे किती काळ सांगणार?

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. एका पक्षाघाती माणसास चौघांनी खाटेसह येशूपाशी आणले. पण दारात गर्दी. तेव्हा त्यांनी घराचे छप्परच उकलले आणि खाट आत सोडली. आत येता येत नाही म्हणून त्यांनी त्या माणसास परत नेले नाही. त्यांनी घरात बदल केला. हे दरवर्षी ऐकणाऱ्या आमच्याही कित्येक देवळांना पायऱ्याच आहेत, हे कबूल केले पाहिजे.

वास्तविक उतार बांधणे हे बऱ्हाणपूरकरांना कोणी शिकवावयास नको. १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात, एका इराणी भूजलतज्ज्ञाने सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून या गावात आणले. तोच आपला कुंडी भंडारा. त्यास ना मोट, ना पंप. केवळ मोजून दिलेल्या सौम्य उताराने पाणी चालत आले. माणसाच्या चाकांच्या खुर्चीस लागणारा उतारही असाच मोजलेला आहे: एक फूट उंचीस बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर अठरा फुटांचा उतार पुरतो. त्याच्या कडेला धरावयास कठडा, आत खुर्ची वळेल एवढे स्वच्छतागृह, ठळक अक्षरांच्या पाट्या, आणि बहिऱ्यास खुणांनी समजावून देणारा एखादा कर्मचारी. हा खर्च कोणत्याही नगरपालिकेस वा पंचायतीस न झेपणारा नाही.

महादजींना रणांगणावर राणेखान भेटला. तो भला माणूस होता आणि त्याची आठवण आपण कृतज्ञतेने जपली पाहिजे. परंतु प्रत्येकास ऐन वेळी राणेखान भेटेलच, असा भरवसा कोणी द्यावा? आणि आपल्याच गावच्या कचेरीत जाण्यासाठी नागरिकाने कोणाच्या पाठीवर का बसावे? पुढल्या वेळी आपल्या वॉर्डातील शाळा, दवाखाना, वाचनालय वा कचेरी यांच्या दाराशी याल, तेव्हा आत शिरण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि पायऱ्या मोजा. नंतर आत जाऊन, तेथे जो कोणी अधिकारी असेल त्यास तो आकडा सांगा.